कारणाचा रकाना

आमच्या मालकाला कोणी विचारलं, "काय बनवता?" की तो छाती फुगवून सांगायचा, "अ‍ॅटमिकचं काम." हे सांगताना त्याच्या पाठीमागे भातगिरणीचे धान्य वर चढवणारे एलिव्हेटर आणि कोंडा उडवायचे पंखे रचून ठेवलेले असत. भंडाऱ्याच्या बाहेर, महामार्गाला लागून असलेला हा कारखाना दोन पिढ्या भातगिरण्यांची यंत्रं करत आला. त्यात वाईट काही नाही. गिरणीच्या हॉपरला, म्हणजे धान्य ओतायच्या पेटीला, एखादं भोक राहिलं तर चार दाणे सांडतात आणि कोंबड्यांची सोय होते. पण त्याच हातांनी, त्याच सवयींनी या मंडळींनी अणुवीज केंद्रातल्या फुटक्या इंधनाचे डबे करायला घेतले आणि त्यावर नजर ठेवायला मला नेमलं. डिप्लोमा झालेला गुणवत्ता तपासनीस असलाच पाहिजे अशी निविदेत अट होती, म्हणून नेमलं. मला तेव्हा वाटलं होतं की यांना गुणवत्ता हवी आहे. यांना त्या खुर्चीत बसून सह्या करणारं कोणीतरी हवं होतं, इतकंच.

डब्याचं काम आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. वापरून झालेलं इंधन अणुवीज केंद्रात पाण्याच्या तलावात बुडवून ठेवतात. त्यातल्या काही नळ्यांना भेगा पडलेल्या असतात, काही मोडलेल्या असतात. त्या तशाच ठेवल्या तर आतले कण पाण्यात उतरतील. म्हणून असं खराब इंधन स्टेनलेस स्टीलच्या लांबट डब्यात घालतात. डब्याच्या बुडाला आणि झाकणाला बारीक जाळी असते. पाण्याने यावं-जावं, कणाने आतच राहावं. दिसायला अगदी साधी वस्तू, दुधाचा कॅन ओढून लांब केल्यासारखी. फक्त दुधाचा कॅन रोज घासतात आणि हा डबा एकदा भरला की कोणी उघडत नाही. उघडायची कोणाची इच्छाही नसते. जे बघायचं ते भरण्याआधी.

स्टेनलेस स्टीलला दोन गोष्टींचं वावडं असतं. एक साध्या लोखंडाची भुकटी आणि दुसरं मीठ. भुकटी चिकटली की तिथे गंज धरतो. मीठ त्याहून वाईट. वेल्डच्या कडेला धातू आधीच ताणलेला असतो. तिथे मीठ बसलं की हळूहळू केसासारखी भेग पडते. बाहेरून डबा कोरा करकरीत आणि आतून चिरलेला. हे मी त्या शेडमध्ये इतक्या वेळा सांगितलं की मला माझ्याच आवाजाचा कंटाळा आला. हाताचा घामसुद्धा लागू नये म्हणून मी हातमोजे मागवले. मालकाने ते खोकं कपाटात कुलूपबंद ठेवलं. का, तर वापरले तर संपतील.

शेडच्या एका कोपऱ्यात प्लास्टिकचे जाड पडदे लावून मी स्वच्छ विभाग केला. बाहेरच्या चपला पडद्याबाहेर काढायच्या, आतले वेगळे बूट घालायचे, यादीत नसलेली कोणतीही वस्तू आत न्यायची नाही. मोठी पाटी लावली, मराठीत आणि इंग्रजीत. तिचा उपयोग ओले रुमाल वाळत घालायला झाला. जो तो शेतातून, गिरणीतून, चहाच्या टपरीवरून आल्या पायांनी आत शिरायचा. मी ओरडले की एखादा अर्धवट माणूस दात विचकून म्हणायचा, "दोन मिन्टाचं काम हाय म्याडम." मालक तर पानाचा तोबरा भरून डब्यावर हात टेकून उभा राहायचा. मी रोज संध्याकाळी फडक्याने फरशी पुसून घेत होते आणि मनात त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते.

या सगळ्यांत एकाच माणसाबद्दल मला वाकडं बोलता येत नसे. आमचा वेल्डर. लाखांदूरकडचा, पन्नाशीचा, एसटीने येणारा. जोड नीट झाला की नाही हे पाहायला आम्ही त्यावर लाल रंगाचं औषध लावतो, पुसतो आणि वर पांढरी भुकटी मारतो. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. त्याच्या जोडावर मी कधी लाल रेघ पाहिली नाही. पण माणूस देवभोळा. काम सुरू करायच्या आधी यंत्राला नमस्कार, संपल्यावर नमस्कार. मराठी अक्षर अक्षर लावून वाचायचा, इंग्रजीचा गंध नव्हता. मी त्याच्या हातांना मानत होते आणि डोक्याची कीव करत होते.

एकदा मी पाटीखाली उभी राहून असाच त्रागा करत होते, तेव्हा तो जवळ येऊन म्हणाला, "म्याडम, पाटी कोन वाचते जी? आत खांबाले देवाचा फोटो लावून देऊ का? चपला आपोआप निघतीन."

मला हसू आलं. आमच्या घरात आजोबांच्या पिढीपासून देव्हारा नाही. अड्याळला आमच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे, तिच्याकडे आम्ही काही मागत नाही. मी म्हटलं, लावा. त्याने दुसऱ्या दिवशी विश्वकर्म्याचा फोटो आणून पडद्याच्या आत खांबाला लावला. आणि काय सांगू, त्या दिवसापासून पडद्याबाहेर चपलांची रांग लागली. मालकसुद्धा बाहेर पान थुंकून, चूळ भरून आत यायला लागला. माझ्या पाटीला जे महिनोन्‌महिने जमलं नाही ते एका तसबिरीने एका सकाळीत केलं. या लोकांची लायकी हीच, असं म्हणत मी स्वतःच्या हुशारीवर खूश झाले. ग्राहकाचा निरीक्षक पाहणीला आला तेव्हा त्या शिस्तीचं त्याने कौतुक केलं. तसबीर यादीत नव्हती. ती मी नियमाच्या वहीत लिहिली नाही आणि त्याच्याही नजरेला येणार नाही अशी मध्ये उभी राहिले.

मग दसरा आला. त्या दिवशी आम्ही घरचे सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर असतो, पांढरे कपडे घालून. आदल्या दिवशी मी सगळ्यांना गोळा करून बजावलं होतं, की बाहेरच्या यंत्रांची हवी तेवढी पूजा करा, पडद्याच्या आत कोणी पाऊल टाकायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. मान डोलावण्यात आमच्या कारखान्याचा हात धरणारं कोणी नाही.

सुट्टीनंतर कामावर गेले तर भोंगा व्हायच्या आधीच वेल्डर फाटकापाशी उभा. जेवणाचा डबा पिशवीतच, चहासुद्धा घेतलेला दिसत नव्हता.

"म्याडम, एक सांगाचं होतं," तो म्हणाला. "दसऱ्याले मालकानं तयार डब्यावरच नारळ फोडला. बुडाच्या अंगानं. पानी जाळीतून आत गेलं. मी खालतून ताट धरून होतो, मले दिसलं. वरचं पुसलं त्याहीनं. पन जाळीच्या मांगं गेलं ते काही निघालं नाही."

"तुम्ही अडवलं नाही?"

"मालकाले मी काय अडवू जी? देव आत हाय म्हणे, तं पूजा बाहेर कायले करू?" मग त्याने विचारलं, "नारळाच्या पान्यात मीठ रायते का?"

"राहतं."

"मंग सांगतलं ते बरं केलं," तो म्हणाला. "दिसत तं कोनालेच नव्हतं."

मी आत जाऊन पाहिलं. डब्याच्या अंगावर कुंकवाचं स्वस्तिक पुसल्याचा गुलाबी डाग, बुडाच्या कडेवर चिकट थर, जाळीत अडकलेली झेंडूची एक पाकळी. जाळी आणि बुडाची पट्टी यांच्यामध्ये बोट जाणार नाही इतकी फट असते. तिथे गेलेलं खारट पाणी धुऊन पूर्ण निघालं असं छातीठोकपणे कोणीच सांगू शकत नाही. बूड कापून काढायचं, नवं बसवायचं, जोड नव्याने तपासायचा आणि हे सगळं का करावं लागलं याचा अहवाल लिहायचा. दुसरा मार्ग नव्हता. दुसरा मार्ग म्हणजे गप्प बसणं. तो सगळ्यांना पाठ होता.

मालकाच्या खोलीत गेले तर तो प्रसादाचे पेढे चापत होता. मी सांगितलं. त्याने ऐकलं आणि इतका हसला की पेढ्याचा भुगा शर्टावर उडाला.

"नारळाचं पानी हाय म्याडम, तेजाब थोडी हाय! देवाच्या नारळानं डबा खराब होते, असं लिवान का तुमी? लोक हासतीन."

"लिहावंच लागेल."

"आम्ही चपला काढून गेलो होतो. घरची लक्ष्मी सकाळपासून उपाशी. याच्याहून शुद्ध काय पायजे तुमाले?"

या माणसाला शुद्ध म्हणजे सोवळं एवढंच ठाऊक. शर्टावरचा पेढ्याचा भुगा त्याने माझ्या वहीवर झटकला. मग आवाज एकदम मऊ करून म्हणाला, "तसं तुमच्याकडं पूजा चालत नाही, मले मालूम हाय. माही काही हरकत नाही. पन उद्या लोक म्हनतीन, म्याडमनं त्याच्यापायीच अडंगा घातला. मंग?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतक्या दिवसांत या माणसाने माझ्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता, पण माझ्या घरात काय पुजत नाहीत याची खबर मात्र पक्की ठेवली होती. मी म्हटलं, लोकांना काय म्हणायचं ते म्हणू द्या. अहवाल जाणार नसेल तर मी आता निरीक्षकाला फोन लावते.

तो सावध झाला. बापजाद्यांपासून सौदा करत आलेला माणूस, कुठे सोडायचं आणि कुठे धरायचं हे बरोबर कळतं. म्हणाला, "ठीक हाय. बूड कापा. अहवाल लिवा. पन कारणाच्या रकान्यात मालकानं नारळ फोडला असं गेलं, तं काम हातचं जाईन अन् सगळे घरी बसतीन. वेल्डरनं फोडला, लिवा."

"तो तर सांगायला आला."

"नाही तं मंग पुरंच लिवा," तो म्हणाला. "देवाचा फोटो आत कोनं लावू देल्ला, तेही लिवा."

खोलीतला पंखा गरगरत होता. खरं कारण लिहायचं तर त्यात दोन माणसं येत होती, एक नारळ फोडणारा आणि एक यादीबाहेरची तसबीर आत लावू देऊन ती निरीक्षकापासून लपवणारी. त्या तसबिरीमुळेच पूजा पडद्याच्या आत आली होती. माझी नोकरी, माझी सही, मी ज्यावर नाक वर करून चालत होते ते सगळं त्या एका रकान्यावर येऊन ठेपलं. मला भीती वाटली. आणि मी शेपूट घातलं.

मी लिहिलं, इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात: वेल्डरने परवानगी न घेता स्वच्छ विभागात नारळ नेऊन डब्यावर फोडला. कारण, कामगाराचा निष्काळजीपणा. उपाय, संबंधित वेल्डरचं पात्रता प्रमाणपत्र रद्द करून त्याला कामावरून दूर करण्यात आलं. मालकाने शेवटचं वाक्य दोनदा वाचून घेतलं.

अहवालावर वेल्डरची सही लागत होती. तो हात पुसत आला.

"काय लिवलं जी?"

"जे झालं ते," मी म्हटलं.

त्याने टेबलावर कोपर टेकवून, ओठ हलवत, देवनागरीत आडनावासकट पूर्ण सही केली. पेन दोन्ही हातांनी परत दिलं.

कागदावर कामावरून दूर केलेल्या त्या माणसाकडून मालकाने आधी नवं बूड जोडून घेतलं, कारण तसा जोड दुसऱ्या कोणाच्या बापाला जमणार नव्हता. मी लाल औषध लावलं, पुसलं, पांढरी भुकटी मारली. पांढरंच राहिलं. त्यानंतर आठवडाभरात मालकाने त्याला सांगितलं, काम कमी झालं, नवी ऑर्डर आली की निरोप देतो. तो माझ्याकडे येऊन, येतो जी, म्हणून गेला. मी त्या वेळी मुद्दाम मोजमापात डोकं घातलेलं होतं.

निरीक्षक आला. त्याने अहवाल वाचला आणि चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, इतकी प्रांजळ नोंद फार थोड्या कारखान्यांत पाहायला मिळते, नाहीतर अशा गोष्टी दाबून टाकतात. मालक हात जोडून म्हणाला, "साहेब, आमच्याकडं क्वालिटी म्हणजे देव." मीही हसले. डबा तरी वाचला, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते आणि ते खरंही होतं. डबा निर्दोष होता. त्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या सगळ्या गोष्टींत तेवढाच.

उन्हाळ्यात मी अड्याळला घरी गेले होते. बाजाराचा दिवस होता. एका कापडाच्या दुकानाच्या खिडकीला कोणी ग्रिल बसवत होतं, आणि ठिणग्यांमागचा तो हात मी तोंडावरची काच वर होण्याआधीच ओळखला. मला काढता पाय घेता आला असता. पण त्यानेही मला पाहिलं होतं.

"म्याडम!" इतका आनंद झाला त्याला. दुकानदाराला ओरडून सांगितलं, "ह्या आमच्या क्वालिटीच्या म्याडम." मग मला विचारलं, "गेला का जी तो डबा?"

"गेला."

"जाळीच्या मांगं काही राहलं नाही नं?"

"नाही. काहीच नाही."

"मंग बरं झालं," तो म्हणाला. मग काही आठवल्यासारखं करून भिंतीला टेकवलेली पिशवी उघडली आणि प्लास्टिकमध्ये पक्का केलेला एक कागद काढून माझ्यासमोर धरला. "आफिसात अनुभवाचा कागद मांगलो, तं बाबूनं ह्याची झेराक्स देल्ली. तुमच्या हातचं हाय म्हून मी ल्यामिनेशन करून घेतलो. नागपूरले तीन कारखान्यात दाखवलो. वाचतेत, माह्या तोंडाकडं पाहतेत, अन् वापस देतेत. कोनी काही सांगत नाही. काय कमी हाय जी याच्यात? सिक्का नाही, म्हून का?"

माझं अक्षर होतं. माझी सही, तिच्या शेजारी त्याची. कारणाच्या रकान्यातली शाई झेरॉक्समध्येही ठळक आली होती. शिक्का नाही म्हणूनच असेल, हे वाक्य माझ्या जिभेवर अगदी तयार होतं. मालकाबद्दल, कामगारांबद्दल, त्या शेडमधल्या एकूण एक माणसाबद्दल मी जेवढा तिरस्कार पोसला होता, तो सगळा गोळा केला तरी त्या क्षणी मला स्वतःची जी किळस आली तिच्यापुढे काहीच नव्हता.

मी त्याला तो कागद मराठीत वाचून दाखवला. सगळा. नारळ कोणी फोडला असं लिहिलं आहे तो भाग, निष्काळजीपणा, प्रमाणपत्र रद्द, कामावरून दूर. एक शब्द गाळला नाही. हे मीच लिहिलं, हेही सांगितलं. दुकानदार आमच्याकडे पाहत होता.

तो चिडला नाही. चिडला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने कागद माझ्या हातातून घेतला, उलटापालटा करून पाहिला आणि बाहीने त्यावरची धूळ पुसली.

"पन तुमाले तं मीच येऊन सांगतलो होतो नं, म्याडम," तो म्हणाला.